पंचवीस हात रान

सुंदरम्माला कुणी 'नाही' म्हटलेलं चालायचं. 'तुला काय कळतंय' म्हटलेलं मात्र चालायचं नाही. गिरणीच्या वसाहतीतल्या शेवटच्या ओळीच्या बाया हे ओळखून होत्या. तिच्या सासूला ते कळायला सोळा वर्षं लागली.

सासू काशम्मा अक्कलकोटच्या पलीकडे गावाकडे राहायची, थोरल्या लेकाजवळ. धाकटा महादेवप्पा सोलापुरात गिरणीत फिटर. त्याला नोकरी लागली त्याच दिवशी घरात ठरून गेलं की रान थोरल्या चनबसप्पाचं. पगारवाल्याला माती कशाला हवी? महादेवप्पा मुळातच भांडणाला भिणारा. 'असू दे की' म्हणून मोकळा झाला. सुंदरम्माला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तरी वर्षातून एक दिवस ती त्या रानात जायची, येळवसेला. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस. पुण्यामुंबईच्या लोकांना हा सण ठाऊक नसतो, त्याला आपण काय करणार! आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळं माणूस रानात. पिकात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी झोपडी करायची, तिला कोप म्हणतात. कोपीत पाच दगड चुना फासून ओळीनं मांडायचे, ते पांडव. त्यांना आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत बरं का. हरभऱ्याचे सोलाणे, तूर, पावटा, वांगी, गाजर, मेथी, कांद्याची पात, रानात जे जे हिरवं असेल ते एका हंड्यात शिजवायचं आणि वर चिंच नि बेसन लावायचं. मग घरधनी आंबील शिंपडत रानाभोवती फेरी मारतो आणि मोठ्यानं आरोळी देतो. जमीन या दिवसांत पोटुशी असते, तिचं हे डोहाळजेवण, असं काशम्मा सांगायची.

पांडव मांडायचे थोरल्या जावेनं, आंबील शिंपायची चनबसप्पानं आणि सुंदरम्माच्या वाट्याला हंडे घासणं. एकाहत्तरच्या येळवसेला तिनं नुसता चुन्याचा कुंचा हातात घेतला, तर काशम्मा सगळ्यांदेखत म्हणाली, "ठेव ते खाली. नळाच्या पाण्यावर वाढलेली तू. रान काय असतंय, तुला काय कळतंय?"

सुंदरम्माचा बाप सोलापुरात किराणा दुकान चालवायचा, ही गोष्ट खरी. पण खरं आहे म्हणून झोंबायचं थोडंच राहतं? ती परत आली ती तो शब्द मनात घेऊनच.

सोलापुरात तिच्या खोलीमागं कुंपणाच्या भिंतीपर्यंत एक पट्टा पडून होता. दहा हात रुंद, पंचवीस हात लांब. सगळा मुरूम, विटांचे तुकडे आणि बॉयलरची राख. न्हाणीचं पाणी तिथं साचायचं आणि डास व्हायचे. तीन-चार वर्षांपूर्वी तिनं तिथं गंमत म्हणून घेवड्याचे चार दाणे टोचले होते. वेल भिंतीवर चढला, म्हणून वांगी लावली. वांगी धरली, म्हणून मिरची. लेक नीलम्मा शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मागं बघायला पळायची. महादेवप्पा पाळीवरून आला की चेष्टा करायचा, "आज काय काढणी झाली? तीन मिरच्या? बैलगाडी सांगू का?" शेजारची नरसम्मा, तेलुगू विणकराच्या घरातली, हसून म्हणायची, "अक्का, तुमचं टैमपास लई ग्वाड हाय." हौसच होती ती, नाव कशाला ठेवायचं. पण त्या येळवसेनंतर सुंदरम्मानं भिंतीकडेच्या विटा उपसून काढल्या, शेणखत आणलं, आणि आषाढात भिंतीलगत तुरीची ओळ टोकली. हौसेला कुणी तूर लावत नाही, हे महादेवप्पाच्याही लक्षात आलं. तो चेष्टा करायचा थांबला.

आणि नेमक्या त्याच साली, बहात्तर साली, पावसानं पाठ फिरवली.

दसऱ्याला गावाकडे चनबसप्पानं जाहीर करून टाकलं की रब्बी पेरलीच नाही, तर यंदा येळवसही नाही. काशम्मा म्हणाली, "पोटुशी बाई अशक्त झाली म्हणून तिचं जेवाण बंद करतोस व्हय रं?" चनबसप्पा म्हणाला, "अव्वा, धसकटात बसून काय खायाचं? गप बस तू."

सत्तरीच्या त्या बाईला जन्मात कुणी गप बस म्हटलं नव्हतं. तिनं बोचकं बांधलं, एस. टी. धरली आणि सोलापुरात धाकट्याच्या दारात येऊन उभी राहिली. पाणीसुद्धा मागितलं नाही. तरातरा मागच्या पट्ट्यात गेली.

"ही मेथी कुणी येवडी दाट पेरली?"

"मी पेरली, अत्ती," सुंदरम्मा म्हणाली. अत्ती म्हणजे कानडीत सासू. या घरात कानडी नि मराठी एकाच ताटात जेवायच्या.

"तुला काय..." म्हणत काशम्मा वळली आणि तिथंच थांबली. समोर भिंतीलगत तूर उभी होती. पुरुषभर उंच, फुलावर आलेली. सबंध वाटेवर एस. टी.च्या खिडकीतून म्हातारीला हिरवं म्हणून काही दिसलं नव्हतं. तिनं एक फूल तोडून तळहातावर घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"पाणी कुटलं?"

"न्हाणीचं."

म्हातारीनं ते फूल पदराच्या टोकाला बांधलं. मग म्हणाली, "यंदाची येळवस हितं हुईल." विचारणं नव्हतंच ते, हुकूमच होता.

सुंदरम्माच्या ओठावर सोळा वर्षांचं सगळं एकदम आलं. तिनं ते गिळलं आणि कामाचं तेवढं बोलली. "हुईल. पण भज्जीतला एक पाला बी बाजारातनं येणार न्हाय, सगळा हितलाच. आनि पांडव मी मांडणार."

काशम्मानं सुनेकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघितलं. "मांड," म्हणाली.

त्या दिवसापासून त्या दोघी पट्ट्यात जुंपल्या. हरभरा पेरला, गाजरं पेरली, लसूण लावला. हरभरा वितीएवढा झाल्यावर काशम्मानं शेंडे खुडायला शिकवलं; शेंडा खुडला की बाजूनं फुटवे येतात. मातीला ऊन लागू द्यायचं नाही, पाचोळा अंथरायचा, हेही तिचंच. सुंदरम्मा शिकत होती आणि शिकताना उलट बोलत होती. दोघींचं दिवसभर वाजायचं. महादेवप्पानं डालड्याच्या डब्याला बारीक भोकं पाडून झारी केली. नीलम्मा अळ्या वेचायची आणि म्हातारीला आकडा सांगायची. कुणाची हौस कुणाला कधी लागली ते सांगता येणार नाही, पण घरात आता बोलणं निघालं की पट्ट्याचंच निघायचं.

पाणी हीच खरी रड होती. दिवाळीनंतर वसाहतीच्या नळाला दिवसाकाठी अर्धा तास पाणी यायला लागलं. एका घराच्या न्हाणीवर एवढं रान जगेना. सुंदरम्मानं ओळीतल्या आठ घरांना सांगितलं, तुमच्या आंघोळीचं पाणी फेकू नका, मी येऊन नेते. भाजी निघाली की वाटा देते. भांड्यांचं सोड्याचं पाणी नको, मुळं जळतात.

काशम्माच्या कपाळाला आठ्या पडल्या. "लोकांच्या आंगुळीचं पाणी पांडवांच्या भज्जीला? आनि त्या नरसम्माच्या घरात बोकड शिजतंय."

"अत्ती, ढगातलं पाणी कुनाकुनाच्या घरातनं वर गेलंय, कदी इचारलं व्हतं का?"

म्हातारीनं तोंड फिरवलं. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसम्माच्या दारात बादली घेऊन काशम्माच उभी होती आणि वर तिलाच दटावत होती, "साबण जरा कमी लाव की गं!"

मार्गशीर्ष सरत आला तेव्हा सगळं सोलापूर मातकट झालं होतं आणि तो पट्टा तेवढा हिरवा होता. हरभऱ्याला घाटे लटकले. वांगी, घेवडा, पावटा, पात, सगळं वेळेवर आलं. लोक पाळी सुटल्यावर मुद्दाम मागून जायचे आणि दोन मिनिटं उभे राहायचे.

आता सुंदरम्माची चूक सांगायला पाहिजे, कारण ती चूक तिचीच होती. पांडव येळवसेच्या दिवशी सकाळी मांडायचे असतात. काशम्मानं बजावलं होतं, आदी मांडू नगंस. पण पहिल्यांदाच मांडायचे, तिला धीर धरवेना. तीन दिवस आधीच तिनं पट्ट्यातून निघालेले पाच दगड धुतले, चुना फासला, भिंतीजवळ ओळीनं ठेवून बघितले आणि वर चार पेंढ्या उभ्या केल्या. जरा मागं सरून बघितलं. छान दिसत होतं. तसंच राहू दिलं.

संध्याकाळी वसाहतीचे नवे साहेब फेरीला आले. खांबेटे साहेब कोकणातले, महिन्यापूर्वीच रुजू झालेले. माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा माणूस. त्याच्या लेखी चुना फासलेला दगड म्हणजे हद्दीची खूण. पाच दगड ओळीनं आणि वर छप्पर. आज हद्द, उद्या पत्रा, परवा भाडेकरू.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"पांडव हायती, साहेब," सुंदरम्मा म्हणाली.

यावर साहेबांची खात्रीच पटली. "म्हणजे देऊळ!"

तिनं येळवस समजावून सांगितली. साहेबांनी असला सण जन्मात ऐकला नव्हता, आणि आपण ऐकला नाही तो सण नाही असं मानणाऱ्यांपैकी ते होते. दुसऱ्या दिवशी शिपाई नोटीस देऊन गेला. नीलम्मानं ती मोठ्यानं वाचली. 'खोलीमागील मोकळ्या जागेतील सर्व लागवड, झोपडी व हद्दीचे दगड चार जानेवारीच्या दुपारपर्यंत काढून टाकावेत. अन्यथा खोली रिकामी करून घेण्यात येईल.' चार जानेवारीलाच येळवस होती.

महादेवप्पा ऑफिसात जाऊन आला. "साहेब म्हनत्यात, दगड नि कोप आज काढा, झाडांकडं मी बघितलं न बघितल्यासारखं करतो. सुंदरा, काढून टाकू की. पूजा घरात करू."

सुंदरम्मानं सासूकडे बघितलं. तिला वाटलं, आता म्हातारी पेटणार. काशम्मा मांडीवरचे घाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "काढ सुंदरा. दगड काय, कुटं बी गावतील. असल्या सालात जगवलेली झाडं गावायची न्हाईत. पांडवांना कळतंय की."

सुंदरम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. "अत्ती, सोळा वर्सं मी तुमच्या रानात हंडे घासले. का? तर मला रान न्हाय. आता हाय, तर तुमी बी काढ म्हनता? पांडव न्हाईत, तर ही परसातली भाजी हाय. चार बाया करत्यात तसली. पांडव बसले तर रान हाय. मला भाजी नगं. रान पायजे."

"आनि खोली गेली तर?" महादेवप्पा म्हणाला.

"तर गेली. मग रस्त्यावर बसून सांगीन, माझं रान व्हतं म्हणून गेली."

खोली गेली तर नोकरीवरही वाकडी नजर पडणार, हे तिला कळत होतं. पण शब्द मागं घ्यावा असं एकदाही वाटलं नाही. थोड्या वेळानं महादेवप्पा उठला आणि चपला घालू लागला.

"कुटं?"

"कडबा आणाय. चार पेंढ्यांची काय कोप असती व्हय? गावात हसतील." भांडणाला भिणाऱ्या त्या माणसानं येळवसेच्या दिवशी खाडासुद्धा केला.

चार तारखेला सुंदरम्मानं पांडव मांडले. हंडाभर भज्जी शिजली, बाजारातलं एक पानसुद्धा तिच्यात नव्हतं. आठ घरांची माणसं दाटीवाटीनं वाफ्यांच्या कडेला जेवायला बसली आणि बरोबर बाराच्या भोंग्याला खांबेटे साहेब दोन बिगारी घेऊन हजर झाले. महिपती मोहोळकडचा, कोंडीबा होटगीचा, दोघांच्या खांद्यावर कुदळी. कोप दिसताच दोघांनी कुदळी खाली ठेवल्या, चपला काढल्या आणि हात जोडले.

"हे काय? उपटा!" साहेब म्हणाले.

"आज न्हाय साहेब," महिपती म्हणाला. "येळवसेला जमिनीला लोखंड लावत न्हाईत."

"कुणी सांगितलं?"

"आईनं."

यावर कुठलं परिपत्रक दाखवणार? सुंदरम्मा पत्रावळ घेऊन पुढं आली. "साहेब, येळवसेला रानात आलेलं मानूस उपाशी जात न्हाय. जेवा. नोटीस जेवल्यावर बगू."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, हे काय तुमचं रान आहे?"

"व्हय," सुंदरम्मा म्हणाली.

"उद्या सकाळी आठ वाजता मी स्वतः उभा राहून उपटून घेणार," असं म्हणून साहेब न जेवता गेले. बिगारी राहिले. दोघांनी दोन-दोनदा भज्जी मागून घेतली.

जेवणं झाल्यावर महादेवप्पानं सवयीनं आंबिलीचं गाडगं उचललं. काशम्मानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि सुनेपुढं धरलं. "जिचं रान तिनं शिंपायचं."

सुंदरम्मानं गाडगं घेतलं. पंचवीस हात रानाची फेरी ती किती असणार! तिनं पाच फेऱ्या मारल्या. ज्या आरोळीचा अर्थ कुणालाच धड सांगता येत नाही ती आरोळी तिनं अशी ठोकली की पहिल्या ओळीतली माणसं बाहेर आली. ती रडत होती आणि ओरडत होती, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

पाट्या-पत्रावळी उचलताना तिनं लेकीला नोटीस पुन्हा वाचायला लावली. दोनदा. "काढून टाकावेत म्हंजे टाकायचं कुटं, त्ये लिवलंय का?"

"न्हाय की."

"बरं," म्हणून ती आठही घरं फिरून आली आणि नंतर पुढच्या ओळींकडे गेली.

त्या दिवशी मातीला कुदळ लागली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच लागली. बाया डालड्याचे डबे, फुटक्या घागरी, गळक्या बादल्या घेऊन आल्या. काशम्मा मुळाभोवतीची माती न सांडता एकेक झाड उचलून देत होती, आणि देताना प्रत्येकीला दम भरत होती, "मेलं तर याद राख!" वांगी गेली, मिरच्या गेल्या, नरसम्माच्या दारात दोन टोमॅटो गेले. तूर आणि हरभरा काढणीलाच आले होते. घेवड्याचा वेल मात्र हलवण्यासारखा नव्हता. तो सुंदरम्मानं स्वतः उपटला, आणि उपटताना तिला हुंदका आला. सगळीच झाडं काही जगणार नव्हती, निम्मी वाळतील, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं एकही साहेबाच्या माणसांसाठी ठेवलं नाही. शेवटी तिनं कोप मोडली आणि पांडव उचलून घरात नेले.

आठ वाजता खांबेटे साहेब आले. येताना त्यांना ओळीओळीनं दारात डबे दिसत होते, प्रत्येक डब्यात एक झाड. दारापुढं कुंडी ठेवू नये असा नियम वसाहतीत नव्हता. मागं पट्ट्यात नुसती माती होती.

"काय उपटू, साहेब?" महिपतीनं अगदी साळसूदपणे विचारलं.

साहेबांची नजर पुढं गेली. पट्ट्याच्या त्या टोकाला सुंदरम्मा पदर खोचून कुदळीनं सरी ओढत होती आणि मागून काशम्मा वाकून दाणे टाकत होती.

"हे काय चाललंय?"

"नोटिशीपरमानं सगळं काढलं साहेब. बगून घ्या."

"मग आता हे?"

"गवार पेरतोय."

"मी पुन्हा नोटीस काढीन. हेही उपटायला लावीन."

सुंदरम्मानं कुदळ थांबवली, कपाळाचा घाम पुसला आणि साहेबांकडे सरळ बघितलं. "लावा की. तुमचं काम उपटायचं, माझं पेरायचं. कोन आदी दमतंय, बगूच."

आणि ती पुढची सरी ओढायला वाकली.